हेर्प म्हणजे तुरट

"मॅडम, तुमच्या आवळ्यानं माझी सहा वर्षं वाया घालवली," असं म्हणून साईनाथनं पन्ह्याचा पेला खाली ठेवला आणि तो हसत सुटला. मीही हसले. विद्यार्थी नऊ वर्षांनी जर्मनीहून आलेला असतो, वाघोलीहून निघून स्वारगेटला बस बदलून मे महिन्याच्या उन्हात बिबवेवाडीला आपले तीन मजले चढून येतो, आल्याआल्या वाकून नमस्कार करतो. त्याच्या विनोदाला हसावंच लागतं. झालं होतं ते एवढंच. याच दिवाणखान्यात मी एकतीस वर्षं जर्मन शिकवलं. धडा अकरावा, बीअरगार्टन, म्हणजे झाडाखाली बसून बीअर पिण्याची बाग. त्या धड्यात एक गिऱ्हाईक पेला तोंडाला लावतं आणि म्हणतं, ही बीअर छान 'हेर्प' आहे. शेवटी ब लिहायचा आणि प म्हणायचा, हे मी प्रत्येक तुकडीला फळ्यावर लिहून दाखवायचे आणि अर्थ सांगायचे: हेर्प म्हणजे तुरट. आवळ्यासारखं. साईनाथला लहानपणापासून आवळ्याचा तिटकारा. तिकडे कुणी बीअर पुढे केली की हा आधी विचारायचा, हेर्प आहे का? असेल तर नको. अशी सहा वर्षं त्यानं गोडसर, काळपट बीअर पिण्यात घालवली आणि सातव्या वर्षी चुकून दुसऱ्याच कुणाचा तरी पेला उचलला. "मॅडम, तुरट नाही हो ते. अजिबात नाही." "मग कसं आहे?" मी अगदी वर्गातल्या आवाजात विचारलं. "नाही सांगता येत. म्हणून तर घेऊन आलो." आणि त्यानं पाठीवरच्या पिशवीतून टी-शर्टात गुंडाळलेली अर्ध्या लिटरची तपकिरी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली, नेमकी माझ्या प्रुफांच्या गठ्ठ्यावर.

त्या प्रुफांबद्दल सांगायला हवं, कारण सगळं दुखणं तिथंच होतं. अकरा वर्षं मी एक कोश करते आहे, खाण्यापिण्याचा जर्मन-मराठी कोश. चार हजारांवर शब्द. सोमवारी सकाळी दहाला शुक्रवार पेठेतल्या छापखान्याचा माणूस शेवटची प्रुफं न्यायला येणार होता. त्यानंतर काना बदलायचा नाही की मात्रा बदलायची नाही. प्रत्येक शब्दापुढे अर्थ आणि अर्थापुढे तो मी कुठून घेतला त्याची खूण. 'मो.' म्हणजे मोठा जर्मन कोश. 'प.' म्हणजे पत्रव्यवहार. तिकडच्या चार-दोन भल्या माणसांना मी पत्रं घालून भंडावून सोडलं होतं. 'खां.' म्हणजे खांबेटे बाई, माझ्या गुरू. पान एकशे बारावर ओळ होती: हेर्प, वि., तुरट, खां. बस. सबंध कोशात एकच जागा मी कोरी ठेवली होती, पान दोनशे एकोणिसावर, 'झ्युफिश' या शब्दापुढे. बीअरबद्दल, वाइनबद्दल तिकडचे लोक तो फार मायेनं वापरतात. मोठा कोश म्हणतो, 'पिण्यास सुखद'. हा अर्थ आहे की रेल्वेच्या प्रतीक्षालयावरची पाटी? अकरा वर्षं तिथं पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह आहे, आणि त्याचा मला काडीचाही त्रास नव्हता. तो शब्द आपल्याला येत नाही, हे मला माहीत होतं. हेर्प येतो अशी माझी खात्री होती. त्रास त्याचा होता.

साईनाथ गेला आणि मी खांबेटे बाईंना आठवत बसले. साल एक्क्याऐंशी. टिळक रोडच्या मागे त्यांच्या दोन खोल्या, कडक खळ केलेली सुती साडी, आणि बोटांना कायम खडू. बाईंकडे विचारलेला प्रश्न तसाच परत आला असं कधी झालं नाही. मी विचारलं होतं, "बाई, हेर्प म्हणजे काय हो?" बाई क्षणभर खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग वळून म्हणाल्या, "तुरट. आवळा खातेस ना? तस्सं." त्या 'तस्सं'मधला जोर मी वहीत उतरवून घेतला आणि खिडकीकडे बघण्याचा तो क्षण मात्र सोडून दिला. चव्वेचाळीस वर्षांनी तो आता परत आला. बाहेर काय होतं? आवळ्याचं झाड होतं. खरंच होतं, मागच्या अंगणात, आम्ही मुली त्याचे आवळे मीठ लावून खायचो. बाई कधी जर्मनीला गेल्या नव्हत्या. बीअरची चव त्यांना ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. पण पुण्यातल्या शिक्षिकेनं भर वर्गात 'माहीत नाही' म्हणायचं? त्यापेक्षा भूमाता पोटात घेईल तर बरं. बाईंनी घाईघाईनं बाहेर पाहिलं असेल, आणि समोर जे झाड उभं होतं ते तोडून माझ्या वहीत ठेवलं असेल. मला एकटीला हसू फुटलं. मग मी खुणा मोजल्या. कोशात 'खां.' तीनशे सोळा वेळा होतं. हसू जिथल्या तिथं थांबलं.

आणि मी तरी काय वेगळे दिवे लावले? धडा अकरावा आला की मी वर्गात बीअरगार्टन भरवायचे. सहा स्टीलचे पेले, एक पातेलं ताक. जर्मन बीअरला वर चांगला दोन बोटं फेस हवा, म्हणून मी ते ताक रवीनं असं काही घुसळायचे की समोरच्या ब्लॉकमधल्या बाई विचारायच्या, आज लोणी काढताय का? एक मुलगा वाढपी व्हायचा, साईनाथ त्याच्या तुकडीत तोच होता, खांद्यावर माझा पोळ्या झाकायचा पंचा टाकून. बाकीची मुलं पेला लावायची, वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटायची आणि सगळी एका सुरात म्हणायची, "एस इस्ट श्योन हेर्प!" छान तुरट आहे. ताक! हिंग-जिरं घातलेलं! तीस-एक तुकड्या झाल्या असतील. त्यातली कितीतरी मुलं तिकडे गेली, राहिली, त्यांना तिकडे मुलंबाळं झाली, आणि त्यांच्या डोक्यात कुठंतरी कोपऱ्यात माझा आवळा अजून लोंबतो आहे. मी स्वतः मात्र कधी गेले नाही. तीनदा ठरलं, तीनदा राहिलं. एकदा वल्लरीला, आमच्या मुलीला, कांजिण्या आल्या. एकदा सासूबाई पडल्या. एकदाचं तर कारणच मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही हे मला सगळ्यात जास्त लागतं. पासपोर्ट कपाटात आहे, कोरा करकरीत. मुदत संपली तरी पानं नवीच. लोक म्हणत, जर्मनीला न जाता इतकं छान जर्मन! मी ते कौतुक म्हणून घ्यायचे. आता वाटलं, त्यांना शंका तर आली नव्हती? म्हणजे मी आयुष्यभर शिकवलं काय, भाषा की भाषेचं ताक?

रविवारी दुपारी चारला पारा एकेचाळिसावर होता. खिडकीला ओली चादर लावली होती तरी मार्केट यार्डाकडून येणारा वारा गरम होता, आणि त्या वाऱ्यात पिकल्या आंब्याचा वास इतका दाट, की श्वास घेतला तरी पोट भरावं. बाटली कालपासून फ्रिजमध्ये ताकाच्या भांड्याशेजारी उभी होती. दोघांची एकदाची ओळख व्हावी असं मला वाटत होतं. प्रुफं टेबलावर, लाल पेन त्यांच्यावर, आणि मी त्यांच्याभोवती घिरट्या घालत होते. मार्ग तीन होते. एक, आहे ते राहू द्यायचं. कोश घेणारी माणसं दीडशे, त्यातली बीअर पिणारी किती, आणि पिऊन झाल्यावर पान एकशे बारा उघडणारी किती? दोन, शब्दच काढून टाकायचा. तीन, ती बाटली. तिसऱ्याची मला भीती वाटत होती, आणि ती पापाबिपाची नव्हती. त्रेसष्टाव्या वर्षी पापं करायची तर आता घाईच करायला हवी. भीती अशी, की मी चव घेईन आणि मला काहीच कळणार नाही. शब्द इकडे, जीभ तिकडे. मग एकाच नव्हे, चार हजार शब्दांचं काय करायचं?

"अहो," मी हाक मारली, "आपल्याकडे ओपनर आहे का?"

श्यामराव, माझे यजमान, टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून रविवारची दुपार आणि इतर दुपारी यांत फरक करत नाहीत. ते पंख्याखालून उठून आले, बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "कोशाचं काम का?" म्हणाले. मी मान डोलावली. त्यांनी ताटाळ्यातून एक चमचा घेतला, बाटलीच्या मानेवर मूठ आवळली, मुठीवर चमचा टेकवला आणि मनगटाला जरासा झटका दिला. टप्. पत्र्याचं झाकण उडून थेट देवघराच्या दाराशी जाऊन पडलं. किती सराईतपणे! आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली आहेत.

"हे कुठं शिकलात?"

"टेलिफोन खात्यात होतो मी. मठात नव्हतो."

"म्हणजे तुम्ही बीअर प्यायला आहात?"

"चार-पाचदा. नगर रोडला केबल टाकत होतो तेव्हा. असाच उन्हाळा होता."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस कधी?"

अकरा वर्षं. अकरा वर्षं मी हाम्बुर्गला आणि म्युनिकला पत्रं पाठवत होते, आणि जाणकार माणूस शेजारच्या खोलीत घोरत होता! रागवावं की हसावं ते ठरेना. मी पेन घेतलं. "बरं, मग सांगा. चव कशी असते?"

त्यांनी नीट विचार केला. "कडू," ते म्हणाले.

"एवढंच?"

"आणि थंड."

असा नवरा असेल तर बायकोला कोश करावाच लागतो. मी वर्गातले ते स्टीलचे पेले काढले, त्यातले दोन उरले आहेत, आणि त्यांनी पेला तिरका धरून हळूहळू ओतायला सुरुवात केली. फेस वर आला. माझ्या रवीला इतक्या वर्षांत असा फेस जमला नव्हता. ताकाचा फेस आळशी असतो, आला की बसून राहतो. हा बारीक कुजबुजत होता. मी कान लावला. श्यामराव म्हणाले, "प्यायची असते ती." मी म्हटलं, "थांबा हो." मी पेला नाकाशी नेला आणि तिथंच थांबले, कारण तो वास माझ्या ओळखीचा होता.

ओळखीचा म्हणजे कसा, तर घरातलाच. ओल्या फडक्यात मोड आलेल्या नाचणीचा. आई नाचणी भिजवायची, मोड काढायची, गच्चीवर जुन्या लुगड्यावर वाळत घालायची, आणि चिमण्या हाकलायला मला बसवायची. ऊन चढलं की लुगड्यातून तो वास यायचा, थोडा गोड, थोडा गवताचा, थोडा ताज्या भाकरीच्या पापुद्र्याचा. मग ती नाचणी भाजून, दळून, वस्त्रगाळ करून त्याचं सत्त्व. धाकट्या भावाला मी तेच भरवलं, पुढे वल्लरीलाही तेच, चिमुकल्या वाटीतून, बोटानं चाटवत. आणि कोशात, पान एकशे साठावर, मीच माझ्या हातानं लिहिलं होतं: माल्ट्स, मोड आणून भाजलेलं धान्य, बीअरसाठी. मो. लिहिलं, तपासलं, दोनदा तपासलं, आणि एकदाही माझ्या ध्यानात आलं नाही की ही तर आपली गच्ची! मोठ्या कोशातून आणलेली गोष्ट माझ्या फडताळात अख्खं आयुष्य डब्यात बसून होती. मला इतका आनंद झाला की मी श्यामरावांचा दंडच धरला. "अहो, नाचणी!" "बार्ली असते," ते म्हणाले. "तेच ते! मोड तोच!" त्यांनी पेला हुंगला आणि भुवया वर केल्या. ही त्यांची मोठी दाद.

मग मी घोट घेतला. आधी थंडी आली, दातांना, टाळूला. मग जिभेवर बारीक टोचलं, जसं लहानपणी रेवडी खाल्ल्यावर तीळ जिभेला चिकटून टोचायचे तसं. मग ती गच्ची आली, अगदी पुसट गोड. मी वाट बघत होते की कडू कधी येतं. कारलं कसं, तोंडात पाऊल टाकल्याटाकल्या आपण आल्याचं सांगतं आणि नंतर जायचं नाव घेत नाही. हे तसं नव्हतं. मी घोट गिळला, आता काही येत नाही असं म्हणत होते, आणि तेव्हा जिभेच्या मागच्या टोकाशी ते उगवलं. कडू, पण नुसतं कडू नाही. उशिरा आलं, उभ्याउभ्याच थांबलं आणि निघून गेलं. जाताना जिभेवरचं सगळं गोड, चिकट झाडून स्वच्छ करून गेलं. जीभ कोरडी, लख्ख, अंगण सारवून वाळल्यावर असतं तशी. आणि त्या कोरडेपणात, अगदी कडेला, गालांच्या आतल्या बाजूला, एक हलकीशी ओढ. मी डोळे मिटून पुन्हा घोट घेतला. पुन्हा तेच, त्याच क्रमानं. तिसऱ्या घोटाला माझी खात्री पटली. ती कडेची ओढ आवळ्याची होती. अगदी थोडी, चिमूटभर, पण आवळ्याचीच.

बाई! मी मनातल्या मनात ओरडले. बाई, तुमचा नेम अगदीच चुकला नव्हता! खिडकीबाहेर बघून अंधारात खडा टाकलात आणि तो कडेला का होईना, लागला. मला एकदम त्यांच्याबद्दल इतकं भरून आलं. काल दिवसभर मी त्यांच्यावर चिडले होते, त्यांच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त. आता वाटलं, काय बाई होती ही! पाण्याचा घोट घ्यावा इतक्या सहज दुसऱ्या देशाची चव सांगायला निघाली, आणि हाताशी काय, तर एक झाड. जे होतं ते तिनं दिलं. मीही ताक दिलं, तेही घुसळून दिलं. आणि साईनाथनं त्याच ताकावर पोट भरून जर्मनी गाठली, मग खरी चव घेतली, आणि ती मला आणून दिली; आवळा चुकीचा निघाला नसता तर त्यानं ही बाटली आणली असती का? शहाण्या अर्थावर कुणी नऊ वर्षांनी तीन मजले चढून येत नाही. त्या भाषेचं आणि माझं नातं खोटं तर नव्हतंच, फक्त ते पत्रापत्रीतलं होतं, आणि आज ती भाषाच घरी आली होती, माझ्या स्टीलच्या पेल्यातून. तिला मी ओळखलं. भीती होती ती एवढीच, आणि ती गेली.

मी प्रुफं ओढली, पान एकशे बारा काढलं आणि लाल शाईनं लिहू लागले. 'कडू' म्हणावं तर श्यामरावांचा विजय. 'कडवट' म्हणावं तर त्याला भांडणाचा वास येतो. मी लिहिलं, खोडलं, समासात गेले, समास भरला तशी पानाच्या मागं गेले. श्यामराव समोर बसून एक-एक घोट घेत होते आणि अधूनमधून सूचना करत होते, ज्या मी घेत नव्हते. "चहा उकळून जास्त झाल्यावर लागतो तसं म्हण." "तो जळका असतो." "मग कडुनिंबाचा मोहोर. पाडव्याचा." "तो तोंडात राहतो. हे जातं. जातं, म्हणून परत बोलवावंसं वाटतं." "हे छान बोललीस," ते म्हणाले, "लिही की हेच." अकरा वर्षांत त्यांनी माझ्या कोशाला दिलेली ही पहिली कामाची सूचना. मी लिहिलं: हेर्प, वि., १. घोट गेल्यावर उशिरा येणारं, जीभ कोरडी व स्वच्छ करून जाणारं कडसर. जातं म्हणून पुन्हा बोलवावंसं वाटणारं. २. किंचित तुरट, खां. बाईंना मी काढलं नाही. त्या दोन नंबरवर राहिल्या, त्यांच्या झाडासकट, आणि उरलेल्या तीनशे पंधरा ठिकाणी एक नंबरवर. चव घेण्याचा योग येईल तेव्हा बघू.

आता प्रश्न खुणेचा. पहिल्या अर्थापुढे काय लिहायचं? हा मोठ्या कोशातला नव्हता, पत्रांतला नव्हता, बाईंचा नव्हता. मी सुरुवातीचं पान काढलं, जिथं खुणांची यादी छापली होती, आणि सगळ्यात खाली, वळणदार अक्षरात, शिक्षिकेला शोभेल असं लिहिलं: चा. म्हणजे चाखून. मग परत एकशे बारावर जाऊन 'चा.' लिहिलं आणि त्यापुढे टिंब इतकं जोरात दिलं की कागदाला भोक पडलं. छापखान्याचा माणूस उद्या कुरकुर करील. करू दे. चार हजार शब्दांत माझ्या स्वतःच्या जिभेचा हा पहिला. मला फळ्याजवळ उभं राहून सबंध वर्गाला सांगावंसं वाटत होतं, आणि वर्गात एकच विद्यार्थी, तोही पासष्ट ओलांडलेला, बनियनवर.

'कडसर' की 'कडसरसं', हे एकदा शेवटचं ताडून बघावं म्हणून मी पेल्याकडे हात नेला. पेला रिकामा होता. बाटली उचलली. तीही रिकामी, उलटी केली तर फेसाचा एक थेंब प्रुफावर पडला.

"अहो, संपवलीत तुम्ही?"

"मी? हा बघ माझा पेला, अजून अर्धा आहे. चार वेळा ओतून घेतलीस तू. मी मोजत नव्हतो, पण चार वेळा."

"कधी?"

"लिहिता लिहिता. एका हातानं पेन, एका हातानं पेला. मी म्हटलं, काम चाललंय."

मी रिकाम्या पेल्याकडे बघत बसले. मग मला हसू यायला लागलं, ते थांबेना, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी हसले. श्यामरावांना वाटलं, चढली. चढली नव्हती. मी पान दोनशे एकोणीस काढलं, रबर घेतलं आणि अकरा वर्षांचं प्रश्नचिन्ह नीट, शेपटीसकट पुसून टाकलं. त्या जागी लाल शाईनं लिहिलं:

झ्युफिश, वि., कधी संपलं ते कळलंच नाही असं. चा.